चुंबक चिकटत नव्हतं, तरी माल नापास झाला: भोसरीतल्या एका माइनस्वीपर ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

भोसरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपला लाकडी माइनस्वीपरच्या, म्हणजे समुद्रातले सुरुंग साफ करणाऱ्या जहाजाच्या, डेकवर बसणारे १२० ब्रॅकेट बनवायचे होते. कागदावर काम सोपं होतं: कापा, वाकवा, वेल्ड करा, पाठवा. तरीही पहिल्या लॉटमधला एकही ब्रॅकेट पास झाला नाही. हे का झालं आणि मधल्या काळात कुठले निर्णय कशाच्या आधारावर झाले, ते इथे मांडलं आहे. वर्कशॉप, मधला निर्यातदार आणि ज्या नौदलाची जहाजं होती ते नौदल, यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

ऑर्डर

ब्रॅकेट एल आकाराचा. ८ मि.मी. जाडीची, १२० मि.मी. रुंद आणि ६०० मि.मी. लांब स्टेनलेस पट्टी मधोमध काटकोनात वाकवायची आणि कोपऱ्यात १०० मि.मी.चे दोन त्रिकोणी गसेट, म्हणजे कोपऱ्याला आधार देणारे तुकडे, वेल्ड करायचे. वजन साधारण सव्वापाच किलो, म्हणजे सगळी ऑर्डर सव्वासहाशे किलोंची. समोरासमोर दोन ब्रॅकेट, मधे एक रोलर, आणि त्या रोलरवरून जहाजाच्या मागच्या डेकवरची स्वीप वायर किंवा जाड केबल सरकते. मालात एकापेक्षा जास्त जहाजांचे भाग आणि सुटे धरलेले होते.

ड्रॉइंगवर मटेरिअल लिहिलं होतं: ऑस्टेनिटिक (एरवी चुंबकाला न चिकटणारं) स्टेनलेस, ग्रेड ३०४ किंवा ३१६एल. खाली टिपांच्या रांगेत सातवी टीप: तयार अवस्थेत, भागावर कुठेही, सापेक्ष पर्मिअॅबिलिटी (पदार्थ किती चुंबकीय आहे याचं माप; अजिबात नसेल तर १) १.०५ पेक्षा जास्त नसावी.

कोटेशन काढताना ही टीप वाचली गेली, पण ‘नॉन-मॅग्नेटिक स्टेनलेस हवंय’ एवढाच अर्थ घेतला गेला. ३०४ स्वस्त, शिवाय वर्कशॉपमध्ये शिल्लक पडलेलं. ३१६एल घेतलं असतं तर नुसत्या प्लेटचा खर्च दीडपटीच्या आसपास गेला असता. ड्रॉइंगच ३०४ चालेल म्हणतंय, मग महाग कशाला घ्या?

जहाज लाकडाचं कशासाठी

ही टीप किती जड आहे हे कळायला आधी जहाज समजून घ्यावं लागतं. पुण्यातल्या बहुतेक शॉपफ्लोअरवर ‘लाकडी युद्धनौका’ म्हटलं की लोक हसतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

सागरी सुरुंगांचे ढोबळ दोन प्रकार. पहिला दोरीने तळाला बांधलेला, पाण्यात तरंगत राहणारा, जहाज आदळलं की फुटणारा. तो काढायची पद्धत यांत्रिक आहे. माइनस्वीपर मागे एक लांब तार ओढतं. तारेच्या बाहेरच्या टोकाला एक फ्लोट आणि त्याच्या खाली ऑटर नावाची फळ्यांची चौकट असते. पाण्याच्या दाबाने ती तारेला जहाजापासून बाजूला खेचते. जहाजाकडच्या टोकाला काइट असतो, तो तारेला खाली दाबून ठेवतो. फ्लोट आणि ऑटर यांच्यामधल्या दोरीची लांबी आणि काइटची खोली यांवरून तार किती खोल चालणार ते ठरतं. सुरुंगाची दोरी तारेला अडली की तारेवरून घसरत कटरमध्ये जाते, कापली जाते आणि सुरुंग वर येतो. मग लांबून गोळीबार करून तो फोडायचा किंवा बुडवायचा. मागून येणारं जहाज साफ केलेल्या पट्ट्यावर थोडं चढून चालतं आणि कडेला झेंडीचे बोये टाकत जातात. पहिल्या जहाजाला मात्र न झाडलेल्या पाण्यातूनच जावं लागतं.

दुसरा प्रकार तळाशी पडून राहणारा, धडक न लागता जवळ आलेल्या जहाजाच्या प्रभावाने फुटणारा. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या शूबरीनेस किनाऱ्यावरच्या चिखलात जर्मनीचा असा एक चुंबकीय सुरुंग ब्रिटिशांच्या हाती लागला आणि तो उघडल्यावर कळलं की त्याला धडक लागतच नाही. पोलादी जहाज वरून गेलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे किंचित बदलतं, तेवढं त्याला पुरतं. यावर तोड निघाली ती डबल-एल स्वीपची. दोन जहाजं समांतर चालतात, प्रत्येकाच्या मागे तरंगणाऱ्या केबलची एक लांब आणि एक आखूड शेपटी असते. टोकांच्या इलेक्ट्रोडमधून सुमारे ३,००० अँपिअरचा झटका समुद्रात सोडला जातो, खारं पाणी सर्किट पूर्ण करतं आणि मोठ्या पट्ट्यात असं क्षेत्र तयार होतं की सुरुंगाला जहाजच आलं असं वाटतं. तो फुटतो, पण जहाजाच्या बराच मागे.

पुढे सुरुंगही शहाणे झाले. काहींमध्ये मोजणी यंत्र असतं: पहिली अमुक जहाजं सोडायची आणि पुढचं पकडायचं. त्यामुळे एकच पट्टा पुन्हा पुन्हा झाडावा लागतो. काही सुरुंग आवाजही ऐकतात, म्हणून आवाज करणारं यंत्र ओढावं लागतं. पाण्याच्या दाबातल्या बदलावर फुटणारे सुरुंग झाडून काढता येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ते सोनार यंत्राने, म्हणजे पाण्यात सोडलेल्या ध्वनिलहरींच्या आधारे, एकेक शोधून नष्ट करायचे.

या सगळ्यात माइनस्वीपर स्वतः मात्र ‘दिसता’ कामा नये. म्हणून हल, म्हणजे जहाजाचं मुख्य शरीर, लाकडाचा. लाकूड चुंबकीय नाही आणि वीजही वाहून नेत नाही. जहाज लाटांवर हेलकावताना धातूच्या पत्र्यात जे भोवरी प्रवाह तयार होतात, तेही लाकडात होत नाहीत. ब्रिटिशांच्या टन वर्गात अॅल्युमिनिअमच्या फ्रेमवर महॉगनीच्या फळ्यांचे दुहेरी थर होते. भारतीय नौदलाने १९५६ मध्ये त्यातली चार घेतली: कन्नूर, कडलूर, काकीनाडा आणि कारवार, तेव्हाच्या इंग्रजी स्पेलिंगनुसार नावं दिलेली. अमेरिकेच्या अॅव्हेंजर वर्गात ओक, डग्लस फर आणि अलास्कन सीडर यांवर फायबरग्लासचं आवरण आहे. १९७३ मध्ये एचएमएस विल्टन पूर्ण फायबरग्लासचं निघालं आणि त्यानंतर नव्या बांधणीत लाकूड मागे पडत गेलं, पण जुनी लाकडी जहाजं काही देशांत पुढेही चालत राहिली आणि त्यांना सुटे भाग लागतच राहिले.

हल लाकडाचा केला तरी आत इंजिन, विंच, नांगर, भांडीकुंडी असतातच. इंजिनंही खास कमी चुंबकीय मिश्रधातूंची बनवतात. उरलेलं चुंबकीय क्षेत्र डीगॉसिंगच्या, म्हणजे प्रवाह सोडून उलटं क्षेत्र तयार करणाऱ्या, तारांच्या वेटोळ्यांनी मारून टाकतात. पण त्या वेटोळ्यांचं सेटिंग जहाज मोजून केलेलं असतं. नंतर आतला एखादा भाग स्वतःच चुंबक होत गेला तर सेटिंगला त्याचा पत्ता नसतो. सातवी टीप इथून आली होती.

अडचण कधी दिसली

काम जानेवारीत सुरू झालं. ४८ ब्रॅकेट वाकवून झाले होते आणि त्यातल्या २२ वर गसेट वेल्ड झाले होते, तेव्हा निर्यातदाराचा इन्स्पेक्टर मधल्या तपासणीला आला. बरोबर त्याने सेव्हर्न गेज आणलं होतं. हे हातात मावणारं यंत्र आहे. एका तोलावर छोटं चुंबक असतं. त्याच्या एका बाजूला ज्ञात पर्मिअॅबिलिटीचा इन्सर्ट बसवायचा आणि दुसरी बाजू जॉबला टेकवायची. चुंबक जॉबकडे ओढलं गेलं तर जॉबची पर्मिअॅबिलिटी इन्सर्टपेक्षा जास्त. १.०२, १.०५, १.१०, १.२० असे इन्सर्ट बदलत आकडा पकडायचा.

त्याच्या आधी वर्कशॉपने आपली तपासणी केलेली होतीच. ती करणाऱ्या, सगळे ‘काका’ म्हणतात त्या कामगाराला आता विचारलं गेलं.

“काका, चुंबक लावून बघितलं होतं ना?”

“बघितलंय की. प्लेट आली तेव्हाच. चिकटतंय कुठं?”

काकांचं म्हणणं खरं होतं. साधं चुंबक १.२ किंवा १.३ च्या भागाकडे हाताला जाणवेल एवढं ओढलं जात नाही. बऱ्यापैकी वर गेल्यावरच ओढ कळते. म्हणजे १.०५ ची मर्यादा तपासायला हातातलं चुंबक निरुपयोगी आहे, आणि ‘चिकटत नाही’ हे उत्तर खोटा धीर देतं.

गेजने सांगितलं ते असं: सपाट भाग १.०२ च्या खाली. वाकवलेल्या कोपऱ्याची बाहेरची बाजू १.५ च्या वर. वेल्डवर १.३ च्या वर. ४८ पैकी एकही ब्रॅकेट पास नाही.

पहिलं निदान

वर्कशॉपला पहिला संशय आला लोखंडाच्या कणांचा. प्रेस ब्रेकची, म्हणजे प्लेट वाकवायच्या यंत्राची, डाय माइल्ड स्टीलच्या कामालाही वापरली जाते, ग्राइंडरची चाकं सरसकट एकच, आणि वेल्ड साफ करायला कुणीतरी साधा तारेचा ब्रश घेतला होता. स्टेनलेसमध्ये असे लोखंडी कण रुतले की गेज तिथे उडी मारतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मग ठरलं की सगळे ४८ पिकलिंग पेस्ट, म्हणजे पृष्ठभाग साफ करणारी आम्लाची पेस्ट, लावून धुवायचे.

हा निर्णय घाईचा होता. पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, काम जपून करावं लागतं, निचरा सांभाळावा लागतो. चार दिवस गेले. सपाट भागावरचे दोन-चार ठिपके नाहीसे झाले. कोपऱ्याचा आणि वेल्डचा आकडा जागचा हलला नाही. एकाच ब्रॅकेटवर पेस्ट लावून बघितली असती तर हेच उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं असतं.

मोजमापाचा नकाशा

यानंतर क्वालिटी बघणाऱ्या इंजिनिअरने जे केलं त्याने प्रकरण सुटलं. तिने गेज भाड्याने आणलं, बारा ब्रॅकेट घेतले आणि प्रत्येकावर नऊ ठिकाणी खुणा करून आकडे लिहिले. शेजारी दोन रकाने जास्तीचे: ब्रॅकेट कधी वाकवला आणि वेल्ड कुणी केलं.

वेल्डरचा फरक दिसला नाही. वेळेचा दिसला. सकाळी आठ-साडेआठला वाकवलेले ब्रॅकेट दुपारच्या ब्रॅकेटपेक्षा वरच्या आकड्यांचे होते. प्लेटा शेडबाहेर ठेवलेल्या. भोसरीत जानेवारीच्या सकाळी पारा १२ च्या आसपास असतो आणि रात्रभर उघड्यावर पडलेली प्लेट तेवढीच गार. दुपारी तीच प्लेट २८ अंशांवर.

लोखंडाचे कण तापमान बघत नाहीत. मार्टेन्साइट बघतं.

ऑस्टेनाइट आणि मार्टेन्साइट या स्टीलच्या आतल्या दोन रचना. ३०४ हे खोलीच्या तापमानाला ऑस्टेनाइट असतं, म्हणजे चुंबकीय नसतं, पण काठावर असतं. गार अवस्थेत जोरात ताणलं की त्यातला काही भाग मार्टेन्साइटमध्ये बदलतो, आणि मार्टेन्साइट चांगलंच चुंबकीय आहे. किती बदलेल हे तीन गोष्टींवर ठरतं: ताण, तापमान आणि रासायनिक घटक.

ताणाचा हिशोब सोपा. वाकवण्याची आतली त्रिज्या ८ मि.मी. आणि जाडीही ८. तटस्थ रेषा, म्हणजे जिथे धातू ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही ती, मधोमध धरली तर बाहेरच्या थराचा ताण म्हणजे ४ भागिले १२, तेहेतीस टक्के. घटकांसाठी आंगेल यांचं १९५४ चं सूत्र आहे. ते असं तापमान देतं ज्याला ३० टक्के ताणावर निम्मं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होतं. ४१३ मधून कार्बन आणि नायट्रोजनच्या बेरजेची ४६२ पट, सिलिकॉनची ९.२ पट, मँगनीजची ८.१, क्रोमिअमची १३.७, निकेलची ९.५ आणि मॉलिब्डेनमची १८.५ पट वजा करायची. मिल टेस्ट सर्टिफिकेटवर, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या घटकांच्या दाखल्यावर, या प्लेटचं निकेल जेमतेम ८.१ टक्के होतं. उत्तर आलं २६ अंश सेल्सिअस. थोडक्यात, ही प्लेट जानेवारीच्या सकाळी ३३ टक्के ताणणं म्हणजे मार्टेन्साइट मागवून घेणं. आणि हे सर्टिफिकेट पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होतं.

वेल्डचं कारण वेगळं. वापरलेला फिलर, म्हणजे वेल्डमध्ये वितळून भरला जाणारा धातू, ३०८एल. त्यात मुद्दाम थोडं फेराइट (स्टीलची आणखी एक रचना) ठेवलेलं असतं, कारण पूर्ण ऑस्टेनिटिक वेल्ड थंड होताना तडकतो. रोजच्या कामात हा गुण आहे. पण फेराइट चुंबकीय आहे आणि इथे तोच दोष ठरला. एकाच ब्रॅकेटवर दोन वेगळे आजार, म्हणून एका औषधाने भागणार नव्हतं.

समोर आलेले पर्याय

सूट मागायची. वर्कशॉपच्या मालकांनी स्वतः हिशोब करून बघितला आणि तो चुकीचा नव्हता. समजा सगळा ब्रॅकेटच १.५ चा आहे आणि १२० च्या १२० एकाच जागी ठेवले आहेत. पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला धरलं तर दहा मीटरवर त्यांच्यामुळे पडणारा फरक पाव नॅनोटेस्लाच्या आसपास येतो. ४०,००० मध्ये पाव. कुठला सुरुंग याने फुटणार?

यात दोन गोष्टी सुटतात. एक, हा हिशोब फक्त पृथ्वीच्या क्षेत्राने तात्पुरत्या येणाऱ्या चुंबकत्वाचा आहे. मार्टेन्साइट कडक असतं; एकदा जोरात चुंबकित झालं की ते चुंबकत्व धरून ठेवतं आणि त्याचा परिणाम कित्येक पट जास्त असतो. हे ब्रॅकेट बसणार होते ते केबलच्या शेजारी. एकट्या वाहकातून ३,००० अँपिअर गेले तर १० सेंटीमीटरवर ६ मिलिटेस्ला क्षेत्र होतं, पृथ्वीच्या दीडशे पट. असे झटके खात ब्रॅकेटचं चुंबकत्व बदलत राहणार. दोन, जहाजावर अशा भागांची संख्या हजारांत असते आणि प्रत्येक पुरवठादार आपल्यापुरता हाच हिशोब करू शकतो. तो करायचा अधिकार डिझाइनरचा. मालकांनी सूट मागितली नाही. मागितली असती तर मिळाली नसती असं आमचं मत आहे.

सोल्यूशन अनीलिंग. १,०५० अंशांना तापवून पाण्यात विझवलं की मार्टेन्साइट परत ऑस्टेनाइट होतं. भोसरीत हीट ट्रीटमेंटवाले हाकेच्या अंतरावर. चार ब्रॅकेट पाठवून बघितले. कोपरा १.०२ च्या खाली उतरला, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. वेल्ड उतरले, पण १.१५ वर अडले. फेराइट एवढ्याने पूर्ण विरघळत नाही. शिवाय विझवताना पाय तीन-चार मि.मी. उघडले. ते प्रेसवर सरळ केले तर सरळ केलेल्या जागी आकडा पुन्हा वर. थंड अवस्थेत सरळ करणं म्हणजे पुन्हा ताण देणं, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ब्रॉन्झ. ‘जहाजाचं काम आहे, ब्रॉन्झ ओता, प्रश्नच मिटेल,’ असं एका फाउंड्रीवाल्याने सुचवलं. सूचना वाटते तेवढी सुरक्षित नाही. जहाजांच्या कामात सर्रास वापरलं जाणारं निकेल अॅल्युमिनिअम ब्रॉन्झ, म्हणजे एबी२, यात चार-साडेपाच टक्के लोखंड असतं आणि त्याची पर्मिअॅबिलिटीही १.०५ मध्ये बसत नाही. माइनस्वीपरसाठी सिलिकॉन घातलेलं वेगळं अॅल्युमिनिअम ब्रॉन्झ आहे, पण त्यासाठी पॅटर्न, नवी ताकदीची मंजुरी आणि नवं ड्रॉइंग लागलं असतं. सोडून दिलं.

जास्त मँगनीज-नायट्रोजनचं स्टेनलेस. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत उत्तम, गार अवस्थेत कितीही वाकवा. सव्वासहाशे किलोंसाठी कुणी पुरवठादार उभा राहिना.

३१६एलमध्ये नव्याने. उरला हा. पण नुसता ग्रेड बदलून भागेल का, यावर दोन मतं होती. मालकांना वाटत होतं की भागेल. क्वालिटीचं म्हणणं होतं की ग्रेड, त्रिज्या आणि फिलर हे तिन्ही एकत्र बदलायचे, नाहीतर पुन्हा अर्ध्या वाटेवर अडकू. तिचं ऐकलं गेलं.

प्रत्यक्ष काम

प्लेट: मुंबईच्या सी. पी. टँकच्या तीन व्यापाऱ्यांकडून माल न घेता आधी फक्त सर्टिफिकेटं मागवली. ३१६एलमध्ये निकेल १० ते १४ टक्क्यांमध्ये काहीही असू शकतं आणि बाजारात १०.१ चाच माल जास्त फिरतो. एका हीटमध्ये, म्हणजे एका वेळी वितळवून बनवलेल्या मालात, निकेल १२.१ आणि मॉलिब्डेनम २.२ निघालं. त्याच सूत्राने तापमान उणे ३० च्या आसपास. किलोमागे थोडे जास्त पैसे देऊन तीच हीट उचलली. प्लेटवरचा हीट नंबर सर्टिफिकेटशी ताडला आणि परक्या प्रयोगशाळेत एक तुकडा तपासून घेतला.

कापणी: शिअरिंग, म्हणजे कात्रीसारख्या पात्यांनी कापणं, बंद. शिअरने कापलेली कडही ताणलेली असते आणि गेज ती पकडतं. सगळं वॉटरजेटवर कापलं. भोकंही पंच न करता ड्रिल केली, धारदार ड्रिल आणि भरपूर कूलंट वापरून.

वाकवणं: त्रिज्या ८ वरून २४ मि.मी. करायची परवानगी मागितली. त्याने बाहेरचा ताण ३३ वरून १४ टक्क्यांवर आला. गसेटचा कोपरा छाटावा लागला, पट्टीची कापायची लांबी नव्याने काढावी लागली. ग्राहकाचं उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्या दिवसांत दुसरं काही करता येत नव्हतं. १५० अंशांना गरम करून वाकवावं का, असाही प्रश्न होता. तीन पट्ट्या गरम करून आणि तीन गारच वाकवल्या, सहाही १.०२ च्या आत. मग बर्नरची भानगड ठेवली नाही, फक्त प्लेटा शेडमध्ये ठेवायच्या आणि प्रेस ब्रेक अकरानंतर सुरू करायचा एवढा नियम केला. डायवर पातळ प्लास्टिक फिल्म लावली.

वेल्ड: मँगनीज जास्त असलेला ३१६एल फिलर, ज्यात फेराइट जवळजवळ नसतं. टिग, कमी करंट, दोन पासच्या मधे तापमान १०० अंशांच्या खाली. पहिल्या तीस ब्रॅकेटांत सात ठिकाणी वेल्डच्या शेवटी चांदणीसारखी बारीक चीर निघाली, डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरांमध्ये शिरून त्या दाखवणारा रंग, लावल्यावर दिसली. फेराइट काढून टाकल्याची ही किंमत. वेल्डर आर्क एकदम तोडत होते. करंट हळूहळू उतरवून शेवटचा खड्डा भरायला लावला, चिरा थांबल्या. सात जागा खोदून पुन्हा भरल्या.

बोल्ट: इथे एक वेगळाच घोळ झाला. बाजारातले एम-१६ स्टेनलेस बोल्ट गार अवस्थेत ठोकून आणि आटे रोल करून बनवलेले असतात. तीन डबे आणले, तिन्ही नापास. कुणी म्हणालं, लाकडी जहाजात सिलिकॉन ब्रॉन्झचे बोल्ट चालतात, तेच द्या. लाकडात चालतात हे बरोबर. पण मोठ्या स्टेनलेस ब्रॅकेटमध्ये छोटा ब्रॉन्झ बोल्ट बसवला की खाऱ्या पाण्यात बोल्टच आधी खाल्ला जातो. शेवटी अनील केलेल्या ३१६एल बारमधून बोल्ट टर्न केले, आटे कापून काढले. आटे एकमेकांत अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट निकेलची नको, हेही ठरवून द्यावं लागलं, कारण निकेलची पूड स्वतः चुंबकीय असते.

साफसफाई: स्टेनलेसचे वेगळे ब्रश, वेगळी चाकं, लाल रंग मारून टांगून ठेवलेली. शेवटी पिकलिंग. नंबर पंचने ठोकायचे नाहीत, इलेक्ट्रोकेमिकल मार्किंगने उमटवायचे.

निकाल

१२० ब्रॅकेट गेले, प्रत्येकाबरोबर नऊ ठिकाणच्या आकड्यांचा कागद. कोपऱ्यांवर सगळे १.०२ च्या आत. वेल्डवर बहुतेक १.०२, अकरा ब्रॅकेटांत १.०२ आणि १.०५ च्या मधे. माल ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा पोचला. दंडाची रक्कम निर्यातदाराने निम्मी सोसली, कारण ड्रॉइंगवर ३०४ ला परवानगी देऊन त्याच ड्रॉइंगवर ८ मि.मी. त्रिज्या मागणं ही चूक डिझाइनकडचीही होती, आणि तसं लेखी मान्य झालं. ३०४ चे जुने ब्रॅकेट टाकाऊ नव्हते. ताकदीला ते उत्तमच होते, आणि एका डेअरी प्लांटच्या पाइप सपोर्टला लागून गेले.

या ऑर्डरमध्ये वर्कशॉपला पैसे सुटले नाहीत. पुढच्या ऑर्डरचं बोलणं मात्र त्याच निर्यातदाराशी झालं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत स्वस्त संधी कोटेशनच्या टेबलावरच होती. ‘तयार अवस्थेत’ आणि ‘कुठेही’ हे दोन शब्द टिपेत आहेत म्हटल्यावर गेज कुणाचं, कुठल्या इन्सर्टने, कुठल्या बिंदूंवर मोजणार, हे तिथेच विचारायला हवं होतं. तो प्रश्न विचारला असता तर उत्तर देताना डिझाइनरलाही त्रिज्येचा विचार करावा लागला असता.

एक नमुना ब्रॅकेट पूर्ण करून, म्हणजे वाकवून, वेल्ड करून, मोजून मगच पुढे जायचं हे लिहिलेलं होतं, पाळलं गेलं नाही. प्रेस ब्रेक त्या आठवड्यात रिकामा होता म्हणून ४८ एकदम वाकवले. रिकाम्या मशिनचा मोह भोसरीत सगळ्यांनाच ओळखीचा आहे.

गसेट वेल्ड करायलाच हवेत का, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. १२ मि.मी. जाड पट्टी घेऊन गसेट वगळता आले असते तर वेल्डचा, चिरांचा आणि फिलरचा सगळा अध्याय गळाला असता. जाडी वाढली की त्याच २४ त्रिज्येवर ताण १४ वरून २० टक्क्यांवर जातो, पण निवडलेल्या हीटला तोही झेपला असता. वजन मात्र ब्रॅकेटमागे सुमारे पावणेदोन किलो वाढलं असतं, आणि मागच्या डेकवरचं वजन हा त्या जहाजाच्या डिझाइनरचा वेगळा हिशोब आहे.

सूत्राबद्दल एक सावधगिरी. आंगेलचा आकडा दोन प्लेटांची तुलना करायला चांगला, पण तो पाहून पर्मिअॅबिलिटी किती येईल हे सांगता येत नाही. निकेलला जास्त वजन देणारी नंतरची सूत्रंही आहेत आणि ती वेगळं तापमान देतात. वर्कशॉपने प्रत्येक नव्या हीटची एक पट्टी ठरलेल्या त्रिज्येवर सकाळच्या गार प्लेटवर वाकवून मोजायची पद्धत घातली आहे. मोजायला दहा मिनिटं लागतात. ही पट्टी हीट नंबर लिहून भिंतीवर टांगलेली असते, आणि नवा माल आला की काका चुंबक न शोधता आधी गेज मागतात.